सदर बाई म्हणजे मीच

माझी निवड झाली. अख्ख्या किनारपट्टीतून एकच जागा होती आणि ती मला मिळाली. बुधवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी विद्यापीठाचा मेल आला. त्यात 'अभिनंदन' हा शब्द दोनदा होता, एकदा चुकीचा.

आता वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेलाच नाही. कारण चार वाजून छत्तीस मिनिटांनी दुसरा मेल आला, 'यापूर्वीचा मेल दुर्लक्षित करण्यात यावा.' मी आज्ञाधारक मुलगी आहे, लगेच दुर्लक्षित केला. अडचण आईची झाली. तिने पेढे सकाळीच आणून ठेवले होते आणि मधल्या सव्वीस मिनिटांत ते आळीभर वाटूनही झाले होते.

"कसली गो निवड झाली तुजी?" शेजारच्या काकूंनी कुंपणावरून विचारलं.

"झाली नाही, काकू."

"मग पेढे कसले?"

"ते दुर्लक्षित करायचे."

"खाल्ले मी," काकू म्हणाल्या. "आता कसं करू?"

यावर विद्यापीठाकडून अद्याप खुलासा आलेला नाही.

तर जी गोष्ट झालीच नाही, ती पहिल्यापासून सांगते.

मी मृणाल दत्तात्रेय भगत, राहणार मुरुडजवळ, शिक्षण एम.ए. ग्रामविकास, दुसरं वर्ष. आमच्या विद्यापीठाचं इकडे एक उपकेंद्र आहे, नारळाच्या वाडीत, दोन मजली. गेल्या वर्षी तिथे 'महिला नेतृत्व विकास व माजी विद्यार्थिनी मार्गदर्शन योजना' सुरू झाली. नाव एवढं लांब की फलकावर मावेना, म्हणून 'योजना' हा शब्द मागच्या बाजूला रंगवला. पुढून बघणाऱ्याला नुसतं मार्गदर्शन दिसायचं. बाकी काम सोपं होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलीला इथूनच शिकून गेलेली एक बाई मिळणार. तिला वर्षभरात बारा वेळा भेटायचं, तिच्याकडून नेतृत्व शिकायचं आणि दर भेटीला वहीवर तिची सही घ्यायची. जिची वही सगळ्यात चांगली तिला वर्षभराची अधिछात्रवृत्ती. अलिबागला राहायला खोली, गावोगावच्या पंचायतींबरोबर काम, गळ्यात ओळखपत्र.

मला ते पाहिजे होतं. इतकं पाहिजे होतं की मी त्यावर विनोदसुद्धा करत नव्हते, आणि हे माझ्या बाबतीत तापाचं लक्षण समजतात.

नाही मिळालं तर काय, तेही ठरलेलं होतं. उरणला काकांचं कंटेनर यार्ड आहे. फाटकावर पत्र्याची केबिन आहे. तिच्यात बसून आत येणारा प्रत्येक कंटेनर रिकामा की भरलेला ते विचारायचं, त्याचा नंबर लिहायचा आणि तो बाहेर पडताना तोच नंबर परत लिहायचा. चार अक्षरं, सात आकडे. काका चांगला माणूस आहे, केबिनला पंखाही लावून देणार होता. मी दोन दिवस बसून बघितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आईचा फोन आला तर मी तिला विचारलं, "रिकामी आहेस की भरलेली?"

म्हणून वही.

'मेंटॉर'साठी विद्यापीठाने 'मार्गदर्शिका' हा शब्द काढला होता. आमच्याकडे मार्गदर्शिका म्हणजे परीक्षेच्या आधी बाजारात मिळते ती, प्रश्न आणि उत्तरं छापलेली. त्यामुळे योजना जाहीर झाली त्या आठवड्यात निम्म्या मुली ग्रंथालयात रांग लावून उभ्या. ग्रंथपाल अजिबात गोंधळले नाहीत. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, 'मार्गदर्शिका, बेचाळीस नग, अप्राप्त.' माझ्या वाट्याला सतरावा नग आला. सौ. अमिषा गणराज नाक्ती, सरपंच, खारशेत. माजी विद्यार्थिनींच्या मेळाव्यात त्यांनी स्वतःच फॉर्म भरून दिला होता.

खारशेत खाडीच्या पलीकडे. आगरदांड्याला जंगलजेटीत चढायचं, म्हणजे गाड्या वाहून नेणारी सपाट बोट. तिला जंगलजेटी का म्हणतात हे तिच्यावरच्या माणसांनाही माहीत नाही. दिघीला उतरून पुढे सहा आसनी रिक्षा, तिच्यात आम्ही अकरा.

अमिषाताई पंचायतीच्या ऑफिसात होत्या. वय असेल छत्तीस-सदतीस, पदर खोचलेला, टेबलावर नळाची एक तोटी, तिच्याकडे त्या संशयाने बघत होत्या.

"नाव काय तुजं?"

"मृणाल."

"बरं हाय. जपून ठेव. काय शिकायचंय?"

"नेतृत्व."

"किती दिवसांत?"

"बारा भेटी."

"मग चल, आधी टाकी बघू. ती गळतेय."

पहिली भेट टाकीवर गेली. दुसरी रेशनच्या दुकानात. तिसऱ्या भेटीत त्यांनी मला खुर्चीबद्दल सांगितलं. त्यांचे यजमान गणराजभाऊ मुंबईला नोकरीला, शनिवार-रविवार घरी. ताई निवडून आल्या आणि पहिल्याच सभेला भाऊ सवयीने सरपंचाच्या खुर्चीत जाऊन बसले. आता सगळं गाव बघतंय.

"मग तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं, बसा हो तुम्ही. मी तुमच्या मांडीवर बसते, सभा सुरू करू."

"आणि?"

"उठले. तेव्हापास्नं सभेच्या दिवशी ते शेतावरच असतात."

आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. सभेत पाणी प्यायचं नाही. "ज्याला उत्तर द्यायचं नसतं तो पाणी पितो," त्या म्हणाल्या. "तू बघ. भिकूशेठला रस्त्याचं इचारलं की तांब्या रिकामा." भिकूशेठ म्हणजे उपसरपंच. ताईंच्या विरुद्ध अकरा मतांनी पडलेल्या पॅनेलचे पुढारी, मोठ्या सुपारीच्या बागेचे मालक. वरच्या वाडीला पाणी न्यायचं तर पाइप त्यांच्या बागेच्या कडेने जाणार, म्हणून दोन वर्षं ते तांब्या रिकामे करत होते. ताईंनी शेवटी ठराव करून घेतला. मी त्या सभेला होते. मागे बसून वहीत लिहीत होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हे आपल्याला येईल.

बारा भेटी झाल्या. वही दिली. मेल आला, जो आलाच नाही.

दुसऱ्या मेलनंतर मी निकेत सरांकडे गेले. सर योजनेचे समन्वयक. महिला नेतृत्वाला सर कसे, असं कुणी विचारायच्या आत तेच सांगायचे, "मॅडमची बदली झाली आणि फाइल माझ्या टेबलावर राहिली." माणूस मऊ. त्यांनी मला खुर्ची दिली, म्हणजे बातमी वाईट होती.

"पडताळणी केली," ते म्हणाले. "पदवीधरांच्या नोंदीत अमिषा नाक्ती नावाची बाई नाही."

"सर, त्या आहेत. मी बारा वेळा भेटले."

"बाई असतील. माजी विद्यार्थिनी नाहीत."

"मग माझ्या भेटी?"

सरांनी नियम चाळले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "माजी विद्यार्थिनी नसलेल्या बाईशी झालेल्या भेटी," ते म्हणाले, "या गप्पा ठरतात."

"बारा गप्पा?"

"एकत्रितच म्हणायचं. गप्पा." मग त्यांना एकदम आनंद झाला. "हे बघा, नियम अकरा आहे! नावात फरक असेल तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या प्रमुखाचा दाखला चालतो. म्हणजे खेड्यात सरपंचाचा. आठ दिवसांत आणा."

मी हसले. सरपंचाचा दाखला! सरपंच तर आपलीच होती.

दुसऱ्या दिवशी खारशेत. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या, घरी जाऊन कपाटातून एक गुंडाळी घेऊन आल्या. पदवी होती. फोटोतली मुलगी माझ्या वयाची, दोन वेण्या. नाव काशी अंबाजी मांदाडकर.

"ही कोण?"

"मी."

"मग अमिषा?"

"ती पण मी. आजीचं नाव ठेवलं होतं मला. सासरचे म्हणाले, काशी म्हणजे म्हातारी वाटते. मग लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि ह्यांनी अंगठीनं अमिषा लिवलं. तेवढ्यात कुणीतरी पंखा लावला."

"मग?"

"म ची डावी काठी उडाली. न झाला. नणंदेनं मोठ्यानं वाचलं, अनिषा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सहा महिने मी अनिषा हुते, मग ह्यांच्या ध्यानात आलं." त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "रेशन कार्डावर अनिषा. लग्नाच्या नोंदीत अनिषा. आधारवर अमिषा, मतदार यादीत अमिषा. पदवीवर काशी."

"म्हणजे काशीची अमिषा झाली, असा एकही कागद नाही?"

"कागद नव्हताच गो. तांदूळ हुते."

"ते कुठायत?" मी विचारलं. आता मागे वळून बघताना कळतं की मी हे गंभीरपणे विचारलं होतं.

"खीर केली. सगळ्यांनी खाल्ली."

अल्बममध्ये फोटो मात्र होता. ताट, तांदूळ आणि त्यांवर गणराजभाऊंचा हात. मी तो सरांना पाठवला. सरांनी तो मोठा करून, उजेड वाढवून, उलटा करून बघितला आणि कळवलं, 'कोपर सुस्पष्ट आहे. नाव वाचता येत नाही.'

राजपत्रात नाव बदलायचं तर दोनेक महिने. माझ्याकडे सहा दिवस. ताईंनी पंचायतीचा छापील कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं.

'दाखला देण्यात येतो की, काशी अंबाजी मांदाडकर व अमिषा गणराज नाक्ती या दोन नसून एकच आहेत. सदर बाईस मी तिच्या जन्मापासून व्यक्तिशः ओळखते. सदर बाईची वागणूक माझ्या माहितीप्रमाणे चांगली आहे. सदर बाई म्हणजे मीच.'

खाली सही, गोल शिक्का. एवढा खरा दाखला त्या ऑफिसातून पूर्वी कधी निघाला नसेल.

सरांनी तो दोनदा वाचला. "स्वतःचा दाखला स्वतःला देता येत नाही."

"पण सर, त्यांना त्यांच्यापेक्षा जास्त कोण ओळखतं?"

"मुद्दा बरोबर आहे," सर म्हणाले. "पण मुद्द्याला शिक्का लागतो. प्रमुख गैरहजर असेल तर उपप्रमुख देऊ शकतो."

म्हणजे ताईंना गैरहजर व्हावं लागणार होतं. त्यांनी मंगळवारची रजा टाकली. पण मंगळवारी लोक कामं घेऊन येतात, म्हणून घरीही बसवेना. त्या ऑफिसच्या खिडकीबाहेर जांभळाखाली खुर्ची टाकून गैरहजर बसल्या. खिडकीपासून सहा पावलं.

"ताई, नळ आला न्हाय," एक म्हातारी म्हणाली.

"मी आज न्हाय."

"दिसताय की!"

"दिसतेय. पन न्हाय. आत भिकूशेठ हायत, त्यांना सांग."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती दोघींनाही हात जोडून निघून गेली.

मी आत गेले. भिकूशेठ सरपंचाच्या खुर्चीत बसले होते आणि खुर्ची त्यांना अगदी मापाची होती. मी कोरा दाखला पुढे ठेवला, काय लिहायचं ते सांगितलं. मला वाटलं होतं हात जोडावे लागतील, आढेवेढे घेतील. भिकूशेठ खूश झाले.

"काशी? आवं पोरी, तिच्या माहेरच्या आळीतलं माजं मामाचं घर. कडेवर खेळवलीय तिला. मी न्हाय वळखणार तर कोन?" त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "सही करतो. शिक्का मारतो. फकस्त येक झेरॉक्स माज्याकडं राहू दे."

"झेरॉक्स कशाला?"

"आठवन म्हणून."

मी गप्प बसले. गप्प बसल्यावर माणूस पुढचं बोलतो, हेही ताईंनीच सांगितलं होतं.

"निवडणुकीच्या फॉर्मात इचारतात ना," भिकूशेठ प्रेमाने म्हणाले, "आनखी कुठल्या नावानं वळखतात का? बाईंनी काय लिवलं? न्हाय. शपथेवर लिवलं. आता मी म्हणतो, व्हय, काशी नावानं वळखतात. मंग शपथ खोटी झाली का न्हाय झाली, ते मी कोन सांगनारा? ते वरचे बघतील." पेन त्यांनी कागदावर आडवं ठेवलं. "मी वाईट मानूस न्हाय, पोरी. तू मागतेस, मी देतो. पुढं कागद आपल्या पायानं चालतो."

पाइपलाइनचं काम एप्रिलात सुरू होणार होतं. शपथ खोटी ठरून ताईंचं पद गेलं की कारभार उपसरपंचांकडे. हे मला समजायला फार वेळ लागला नाही. शेवटी मी बारा गप्पा मारलेली मुलगी होते.

बाहेर आले. ताई समोर समुद्राच्या बाजूला बघत होत्या, जो तिथून दिसत नाही.

"ऐकलंत?"

"गैरहजर मानसाला ऐकू येत न्हाय." मग म्हणाल्या, "ऐकलं."

"मी काय करू?"

मला खरंच माहीत नव्हतं. म्हणजे त्यांनी 'नको' म्हटलं असतं तर मला राग आला असता, आणि 'घे सही' म्हटलं असतं तर मी घेतली असती. हे मी इथे लिहून ठेवते, कारण नंतर आईला सांगताना मी वेगळं सांगितलं. मी सही घेतली असती. वरच्या वाडीला पाणी नसतं आलं, आणि मी अलिबागला खोलीत बसून 'ग्रामीण पाणीपुरवठ्यात महिला नेतृत्वाची भूमिका' यावर अहवाल लिहिला असता. चांगला लिहिला असता.

ताईंनी पिशवीतून बाटली काढली, झाकण उघडलं आणि पाणी प्यायल्या. एक घोट नाही. सगळी बाटली. मी उभी राहून बघत होते. घशाची हालचाल थांबेपर्यंत बघत होते.

"राहू दे, ताई," मी म्हटलं.

त्यांनी झाकण लावायला बराच वेळ घेतला. "मी नको म्हटलं न्हाय हां."

"नाही म्हटलंत."

"मी द्यायला तयार हुते."

"हो."

"मग वहीत लिही तसं."

"वही आता गप्पांत जमा झालीये, ताई."

त्या हसल्या. मग हसणं अर्ध्यातच संपलं आणि रिक्षा येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही बघितलं नाही. सहा पावलांवर खिडकीत भिकूशेठ पेन उघडं ठेवून बसले होते. कागद उचलायला मी आत गेले तर म्हणाले, "घाई न्हाय. परत ये. मी कधी गैरहजर नसतो."

रिक्षा सुटली तेव्हा ताईंनी निरोपाला हात वर केला, आणि काहीतरी आठवल्यासारखा अर्ध्यावरून खाली घेतला. त्या अजून रजेवर होत्या.

आठव्या दिवशी मी सरांकडे रिकाम्या हाताने गेले. सरांनी परत खुर्ची दिली.

"मग ती जागा कुणाला गेली, सर?"

"कुणालाच नाही." सरांनी घाम पुसला. "तुमच्यानंतरच्या मुलीची मार्गदर्शिका नोंदीत नाही. तिच्यानंतरच्या मुलीचीही नाही. मग मी सगळ्याच तपासल्या. बेचाळीसपैकी एकोणचाळीस बायका या विद्यापीठात शिकल्याच नाहीत."

"लग्नं झालीत त्यांची, सर."

"ते नोंदीत येत नाही ना."

"आणि उरलेल्या तीन?"

"त्या नोंदीत आहेत. पण त्या एकाही मुलीला भेटल्या नाहीत. एकीने नुसता अंगठ्याचा इमोजी पाठवलाय." सर खिडकीबाहेर बघू लागले. तिथे फलकाची मागची बाजू दिसत होती. "एकतीस मार्चला योजना संपते. मी असहाय आहे, भगत."

ते खरंच होते. मला त्यांचीच दया आली, ही माझी त्या दिवसातली सर्वात मोठी कमाई. निघताना त्यांनी मला वही परत केली आणि अभिप्रायाचा फॉर्म दिला. 'योजनेमुळे आपल्यातील नेतृत्वगुणांत वाढ झाली का? होय / अंशतः / लागू नाही.' मी 'लागू नाही'वर खूण केली. त्यांनी पोच दिली.

सोमवारपासून मी उरणला आहे. पंखा लावलाय, काकाने शब्द पाळला. ताईंचा फोन दोनदा येऊन गेला. मी उचलला नाही. त्यांना काही सांगायचं असेल तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि केबिनमध्ये माठ भरलेलाच असतो. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, दोन कंटेनरच्या मध्ये, मी पुढील अर्ज लिहून रजिस्टर पोस्टाने पाठवला. वहीत जागा उरली होती, म्हणून त्याची प्रत इथे ठेवते.

प्रति,
मा. समन्वयक,
महिला नेतृत्व विकास व माजी विद्यार्थिनी मार्गदर्शन (योजना मागील बाजूस)

विषय : अनधिकृतरीत्या शिकलेले नेतृत्व परत जमा करून घेणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळविते की, आपल्या निर्णयानुसार माझ्या बाराही भेटी गप्पा ठरलेल्या आहेत. तथापि सदर गप्पांमधून काही गोष्टी माझ्या अंगात शिरल्या असून त्या अद्याप बाहेर पडलेल्या नाहीत. उदाहरणार्थ, कुणी 'बघू' म्हटले असता 'कोणत्या तारखेला' असे विचारणे. सर्वांच्या वतीने बोलणाऱ्यास सर्वांची नावे विचारणे. आणि 'बाई, तुम्हाला यातलं कळत नाही' असे ऐकल्यावर 'मग समजावून सांगा, मी बसते' असे म्हणून खरोखर बसणे. माझ्या सध्याच्या कामात यांचा उपयोग नाही. गुरुवारी मी एका ट्रकमालकासमोर तशी बसले. त्याचा ट्रक पाऊण तास फाटकात उभा राहिला व काकांनी मला तोंडी समज दिली. ही चूक माझी नसून, जी बाई आपल्या नोंदीनुसार अस्तित्वातच नाही तिची आहे, आणि तिच्यावर कारवाई करता येत नसल्याने सर्व जबाबदारी विद्यापीठावर येते.

सबब, विद्यापीठाने आपला एक अधिकृत प्रतिनिधी उरण येथे पाठवून सदर नेतृत्व माझ्या अंगातून समक्ष काढून घ्यावे, मोजून घ्यावे, त्याची रीतसर पोच द्यावी, आणि ते जिच्या मालकीचे आहे त्या बाईस, ती ज्या कोणत्या नावाने सापडेल त्या नावाने, सन्मानपूर्वक परत करावे, ही नम्र विनंती.